पाडव्याच्या पहाटे खडकावर दिसलेले पट्टे (आणि लेकाचे अकरा प्रश्न)

कोरांटी

दिवाळीत आठ दिवस सासरी होतो. रत्नागिरी तालुका, घरापासून समुद्र पाच मिनिटांवर. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी संध्याकाळी पाय बुडवून यायचं आणि दुपारी बांगडा खायचा, एवढाच माझा समुद्राशी संबंध. (माहेर बार्शी. समजून घ्या.)

पाडव्याला पहाटे लेक उठला, वय वर्षं नऊ. बाबा काही उठेनात, म्हणून मला ओढत घेऊन गेला. साडेसहाची वेळ असेल. पाणी इतकं आत गेलेलं की एरवी जे कधी दिसतच नाही ते अख्खं काळं कातळ उघडं पडलेलं. त्यावर दोन बायका उकिडव्या बसून छोट्या कोयत्यांनी कालवं (खडकाला चिकटलेले खायचे शिंपले) काढत होत्या. आणि खडकांना पट्टे होते! वर काळा, मग पांढुरका खरखरीत, मग कालवांचा, मग हिरवट-तपकिरी. कुणी सुतळी धरून रंग दिल्यासारखे. खालच्या डबक्यांत हिरवी रबरी फुलं, बोट लावलं की मिटणारी. ओल्या वाळूवर मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या हजारो गोळ्या, आणि त्या मांडल्या होत्या नक्षीसारख्या. पोरगं म्हणालं, "आई, इथे कुणी रांगोळी काढली?"

आदल्या रात्री अमावास्येच्या अंधारात लाटा निळ्या चमकताना पाहिल्या, ते वेगळंच.

घरी येईपर्यंत अकरा प्रश्न झाले होते. मला एकाचंही उत्तर आलं नाही. नेटवर शोधलं तर सगळं स्कॉटलंड नाहीतर कॅलिफोर्निया. इथे कोकणातले आणि शास्त्रातले दोन्ही लोक आहेत म्हणून धागा काढतेय. पट्टे का? रांगोळी कुणाची? लाटा का चमकतात? आणि पाणी त्याच दिवशी एवढं आत का गेलं?

फक्त_वाचक

रुमाल टाकून ठेवतो. कालवांच्या आमटीची पाककृती आली तर पहिली हाक मला.

पंचांगवाले

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या भिंतीवर टांगलेलं आहे, ताई. कालनिर्णय बघा.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत. दोघांची ओढ एकाच रेषेत पडते म्हणून भरती मोठी आणि ओहोटीही खोल. ते उधाण. खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतो. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही. तो भांग.

वेळ काढायची आमच्या आजोबांची रीत: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. तुमचा पाडवा म्हणजे प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता भरती. भरती ते ओहोटी सव्वासहा तास धरा. मागे जा, सकाळचे साडेसहा. पोरगं बरोबर वेळेवर उठलं!

हिशेब चालतो कारण चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो आणि पाऊण तास त्याच्या जवळ जातो. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतातच. बंदरात जाणाऱ्याने छापील कोष्टकच बघावं. पण एक गंमत लक्षात घ्या. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची ओहोटी कायम सकाळ-संध्याकाळच्या सहाच्या आसपासच पडणार. भर दुपारी खडक सगळ्यात खालपर्यंत उघडा पडला, असं होत नाही.

निवटी

सागरी जीवशास्त्रात एमएस्सी केलंय, दोन वर्षं मुंबईच्या खडकांवर गुडघे सोलून घेतलेत, त्यामुळे थोडं लांबेल.

पंचांगवाल्यांनी शेवटी जे लिहिलंय त्यातच पट्ट्यांचं अर्धं उत्तर आहे. ओहोटीला उघडा आणि भरतीला बुडणारा जो भाग, त्यातली प्रत्येक वीत वेगळा देश असते. अगदी वरच्या खडकाला पाणी फक्त उधाणाला लागतं, एरवी शिंतोडे. मधल्याला रोज दोनदा. खालचा भाग महिन्यातून मोजके तासच कोरडा. आता एप्रिलची दुपार आठवा, काळा कातळ पाय ठेवू देत नाही. तिथे जगायचं तर पाणी धरून ठेवता आलं पाहिजे.

वरच्या काळ्या पट्ट्यात शेवाळाचे सूक्ष्म थर आणि वाटाण्याएवढ्या गोगलगायी, फटीत दाटीवाटीने बसलेल्या. पांढुरका खरखरीत पट्टा बार्नॅकलचा. मग कालवं. खाली शेवाळं आणि तुमची रबरी फुलं.

पण मग सगळेच खाली का उतरत नाहीत? खाली तर पाणी भरपूर, खाणं भरपूर. हाच प्रश्न जोसेफ कॉनेल या माणसाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर धरून ठेवला. (हो कोरांटी, पुन्हा स्कॉटलंड. इलाज नाही.) तिथे बार्नॅकलच्या दोन जाती, एक वरच्या पट्ट्यात, एक खालच्या. त्याने खालच्या जातीला काही दगडांवरून खरवडून काढलं आणि बघत बसला. वरची जात खाली आरामात जगली! म्हणजे तिला खालची जागा मानवत नव्हती असं नाही. खालचे दांडगे भराभर वाढतात, तिच्या अंगावर चढतात, तिला खडकावरून उचकटून काढतात. उलट त्या दांडग्यांना वरचं ऊन सोसत नाही. त्याचा निबंध १९६१ चा. त्यातून आलेला ढोबळ नियम असा, की पट्ट्याची वरची कड ऊन-वारा ठरवतो आणि खालची कड शेजारी. अपवाद आहेत, पण खडकावर उभं राहून विचार सुरू करायला पुरेसा आहे.

मुंबईकरांनो, लांब जायची गरज नाही. हाजी अलीच्या, गिरगावच्या, जुहूच्या किनाऱ्यावर हेच आहे. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट ओहोटीच्या वेळी लोकांना हिंडवतो.

कोरांटी

शेजाऱ्यांमुळे पट्टा!! सोसायटीची मीटिंग डोळ्यांपुढे आली.

बार्नॅकल म्हणजे शंख ना? घट्ट चिकटलेले ज्वालामुखीसारखे, तेच?

निवटी

तेच. पण शंख नाही. तो खेकडा-कोळंबीच्या भाऊबंदांतला. पिल्लू असताना पाण्यात पोहतं, मग जागा पसंत पडली की डोकं खडकाला टेकवून तिथे सिमेंट सोडतं आणि भोवती चुनखडीच्या भिंती बांधतं. त्यानंतर जन्मभर डोक्यावर उभं. पाणी आलं की वरचं दार उघडून पिसासारखे पाय बाहेर काढतं आणि खाणं आत ओढतं. पाणी गेलं की दार बंद, आत घोटभर पाणी शिल्लक. डार्विनने या प्राण्यावर आयुष्यातली आठ वर्षं घालवली, १८४६ ते १८५४.

पुढच्या वेळी भरती चढताना डबक्याशी चवड्यावर बसा, हलू नका. दोन मिनिटांत पाय बाहेर येतात. सावली पडली की आत.

माडाखाली

मालवणसून लिवतंय. रांगोळेचा उत्तर माझ्याकडे. (बाकी प्रमाणात लिहितो, घाटावरचेही वाचतायत.)

त्या गोळ्या वाळूतल्या खेकड्यांच्या. खेकडा कसला, हरभऱ्याएवढा. पाणी उतरलं की बिळातून वर येतो, वरच्या थरातली वाळू नांग्यांनी तोंडात भरतो, कणांना चिकटलेलं खाण्याजोगं काय ते चाटून घेतो आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी करून मागे टाकतो. बिळापासून सरळ रेषेत जातो, परत येतो, मग थोड्या वेगळ्या दिशेने जातो. त्यामुळे बिळाभोवती किरणं-किरणं दिसतात. पावलाचा हादरा बसला की सगळे एका क्षणात आत. म्हणूनच तुम्हाला रांगोळी दिसली आणि काढणारा दिसला नाही. पुढच्या भरतीला सगळं साफ, पाणी उतरलं की पुन्हा पहिल्यापासून.

डोलकरीण

पंचांगवाले काका, तुमचा भांग आमच्या पोटाशी आहे. माझं माहेर वसईकडचं, वडील डोल लावायचे.

डोल म्हणजे भली मोठी पिशवी, समुद्रात बांधून ठेवलेली. बोट जाळं ओढत नाही. भरती-ओहोटीचा ओढा पाण्याला जाळ्यातून नेतो आणि मासळी आत. बोंबील, जवळा, करंदी सगळं त्यातच. मग ओढा नसला की? भांगाला पाणी मेलेलं, डोल रिकामी. ते दिवस घरी जाळी शिवायचे. लहानपणी मला वाटायचं बाबांना महिन्यातून दोनदा सुट्टी मिळते, चंद्र साहेब आहे त्यांचा.

बोंबील खाली मालवणला ताजा का मिळत नाही, त्याचं उत्तर यातच आहे का? कुणी सांगेल?

निवटी

अर्धं आहे. डोल चालायला जोरदार ओढा लागतो, आणि तो उत्तरेकडे वाढत जातो. गोव्याला उधाणातही चढउतार दोन-सव्वादोन मीटरचा. मुंबईला पाचच्या आसपास. खंबातच्या आखातात दहा मीटरच्या वर. उथळ रुंद तळ आणि पुढे निमुळतं होत जाणारं आखात, पाणी कोंडून वर चढतं. म्हणून डोल उत्तर कोकण आणि सौराष्ट्रात. बोंबील स्वतःही मुख्यतः महाराष्ट्राच्या उत्तर भागात आणि गुजरातेत, मग एकदम बंगालच्या बाजूला. तो तिथेच का रमतो याची कारणं ओढ्यापलीकडे आहेत, एका ओळीत सांगणं बरोबर नाही.

फंडीकर

दहा मीटर? आमच्याकडे या! कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात राहतो. फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत चढउतार होतो, पाच मजली घर बुडेल एवढा. सकाळी होड्या चिखलात आडव्या, दुपारी धक्क्याच्या काठाशी.

इथलं कारण नुसतं निमुळतं आखात नाही. या उपसागरातलं पाणी एकदा हेलकावलं की परत यायला जवळजवळ तेवढाच वेळ घेतं जेवढा दोन भरत्यांमध्ये असतो, साडेबारा तासांच्या आसपास. झोपाळा मागे येताना नेमक्या क्षणी पाय मारावा तसं प्रत्येक भरती त्याला झोका देते. गुहागरला आजोळच्या पडवीत झोपाळा होता, त्यामुळे मला हे एका वाक्यात समजलं, इथल्या मित्रांना आकृती काढावी लागली :)

स्पष्टवक्ता

निळ्या लाटांचं कुणी बोलत नाहीये. तो प्रदूषणाचा आणि रेडिएशनचा परिणाम आहे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला होता. मुलांना त्या पाण्यात सोडू नका.

माडाखाली

रेडिएशन?? माझी आजी १९५० च्या आधीपासून बघत होती हो. वल्हं मारलं की निळी ठिणगी उठायची म्हणायची.

निवटी

रेडिएशनचा काही संबंध नाही. आपल्या किनाऱ्यावर ही निळाई बहुतेक वेळा नॉक्टिल्युकाची असते. एकपेशीय जीव, पण पेशी दांडगी, मिलिमीटरभर होऊ शकते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना रव्याच्या कणासारखी दिसेल. पाणी हललं की तिच्या आतल्या कप्प्यांत आम्लता बदलते, ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याची रासायनिक क्रिया होते आणि प्रकाश पडतो. उष्णता जवळपास नाहीच.

चमकून फायदा काय? एक मत असं, की ही चोर-घंटा आहे. तिला खायला कोळंबीसारखा बारीक जीव आला की ती चमकते, त्या उजेडात कोळंबी मोठ्या माशाला दिसते आणि चोरच पकडला जातो.

प्रदूषणाबद्दल मात्र स्पष्टवक्ता यांचं सगळंच उडवून लावू नका. नॉक्टिल्युका खाते काय, तर पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती आणि इतर बारीकसारीक. खतं-सांडपाण्याने त्यांना जोर आला की तिलाही जेवण. पण पावसाळ्यात खोल पाणी वर येऊनही खत मिळतंच, त्यामुळे एका रात्रीच्या चमकेवरून गटाराकडे बोट दाखवता येत नाही. खरी काळजी उत्तर अरबी समुद्रातल्या हिरव्या नॉक्टिल्युकाची. तिच्या पोटात हिरवं शैवाल राहतं, ती खातेही आणि ऊन वापरून अन्न बनवतेही. हिवाळ्यात तिचे प्रचंड थर पसरू लागलेत आणि त्याचा संबंध पाण्यातल्या घटत्या प्राणवायूशी आहे, असं मूळचे गोव्याचे जोआकिम गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी २०१४ मध्ये मांडलं.

कोरांटी

लेकाचा बारावा प्रश्न: शाळेत बाई म्हणाल्या, आपण श्वासात घेतो तो अर्धा ऑक्सिजन समुद्रातून येतो. खरं का?

निवटी

पृथ्वीवर दरवर्षी प्रकाशसंश्लेषणातून जेवढा बनतो त्यातला साधारण अर्धा समुद्रात बनतो, हे खरं. बनवणारे वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे सूक्ष्म जीव. पण त्यातला बहुतेक समुद्रातले जीवच वापरून टाकतात. 'बनतो' आणि 'आपण घेतो' यात फरक आहे, तो बाईंना नम्रपणे सांगा. समुद्राचं मोठेपण ऑक्सिजनपेक्षा तुमच्या ताटात जास्त दिसतं: तारली थेट ते प्लवक खाते, तारलीला सुरमई खाते, सुरमईला फक्त_वाचक.

फक्त_वाचक

माझं नाव शेवटी आलंच. मग माझाही एक प्रश्न. पेणचा मित्र सांगतो की जिताडा (खाडीतला मासा) आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. फेकतोय ना?

निवटी

नाही, खरं आहे. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. गोब्रा (ग्रूपर) माशाच्या बऱ्याच जातींत उलट, आधी मादी, मग नर. हिशेब असा, की अंडी बनवायला मोठं शरीर लागतं, शुक्राणूंना लहानही चालतं, म्हणून जिताडा मोठेपणी मादी. गोब्र्यात मोठा नर इतरांना हुसकावून पुष्कळ माद्या मिळवतो, म्हणून तिथे मोठं होऊन नर होण्यात फायदा.

यातली मेख लक्षात घ्या. खाडीतले सगळे मोठे जिताडे काढले तर आपण नुसते मासे कमी केले नाहीत, माद्याच काढल्या.

डोलकरीण

आणि शिंगाळा मासा? बाबा म्हणायचे, तोंडात अंडी असलेला शिंगाळा बाप असतो.

निवटी

बाबा बरोबर. शिंगाळ्याच्या कुळात नर अंडी तोंडात घेऊन फिरतो, गोटीएवढी अंडी असतात. पिल्लं बाहेर पडून पोहू लागेपर्यंत तो जवळजवळ उपाशी. असे अंडी सांभाळणारे शिंगाळे थव्याने वर येतात आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांत (अख्ख्या थव्याला वेढणारी मोठी जाळी) ते मोठ्या प्रमाणावर सापडल्याच्या नोंदी आहेत. एका फेरीत बापही गेले, पुढची पिढीही.

माडाखाली

यावर माझं थोडं रडगाणं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी आम्ही पाळतो, नारळ टाकल्याशिवाय रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) नाही. पण १ ऑगस्टला बाजारात तळहातापेक्षा छोटं पापलेट दिसतं तेव्हा डोकं फिरतं. २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा केलं, ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला, पापलेटला १३५ मिलिमीटर. पट्टी घेऊन बाजारात कोण जातो? गिऱ्हाईकच 'फ्रायला छोटी द्या' म्हणतं.

स्पष्टवक्ता

ते गिऱ्हाईक मी. पुढच्या वेळी पट्टी नेईन. (रेडिएशनचा व्हिडिओ डिलीट केला.)

कोरांटी

पुन्हा जायचंय ते त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास. लहान मूल घेऊन खडकावर काय सांभाळायचं?

निवटी

पाणी वळायच्या आधी तास-दीड तास जा आणि वळलं की मागे फिरा, पाठीमागची घळ नकळत भरते. चपला नकोत, मागे पट्टा असलेले बूट घाला. कालवाची धार ब्लेडसारखी. दगड उलटलात तर जसा होता तसा परत ठेवा, खालच्या अंगाला राहणारे जीव उन्हात तासाभरात मरतात. नक्षीदार शंकूच्या आकाराचा जिवंत शंख दिसला तर कितीही सुंदर असो, उचलू नका. त्याच्याकडे विषारी सुई असते आणि ती तो बाहेर फेकतो. रबरी फुलांनाही बोट लावणं आता पुरे. त्यांच्या काही भाईबंदांत जबरी विष असतं, हाताला जखम असेल किंवा तोच हात डोळ्याला गेला तर त्रास. आणि पावसाळ्यात वाळूवर निळ्या फुग्यासारखा जीव पडलेला दिसला तर लांब राहा, तो मेल्यावरही डसतो.

शंख-शिंपले रिकामेही फार गोळा करू नका, शंखात राहणाऱ्या खेकड्याला घर लागतं. लेकाला न्यायचंच असेल काही तर वाळूवर पडलेलं माकुळाचं (कटलफिशचं) हाड शोधा. पांढरं, होडीच्या आकाराचं, नखाने ओरखडा उठतो. आपल्याकडे तेच समुद्रफेन म्हणून औषधात विकतात. लोकांना वाटतं वाळलेला फेस आहे.

कोरांटी

पौर्णिमेला जाणं झालं नाही, शाळेची परीक्षा. पण परवा इथे पुण्यात मासळी बाजारात गेलो, लेक बरोबर. मावशींकडे माकूळ होतं. आधी नळीसारखं लांबट घेतलं तर आत प्लास्टिकसारखी पारदर्शक पात निघाली, हाड नाहीच. मावशी म्हणाल्या, "त्यात नसतं बाळा, चपट्यात असतं." चपटं कापलं आणि पाठीतून सबंध पांढरी होडी काढून, धुऊन त्याच्या हातावर ठेवली. पैसे घेतले नाहीत.

घरी भिंगातून बघितलं. आत पानापानांसारखे शेकडो थर, मध्ये पोकळ्या. त्यात वायू आणि पाण्याचं प्रमाण बदलून तो प्राणी पाण्यात वर-खाली होतो, असं वाचलं. निवटी, बरोबर ना?

सध्या ते न्हाणीघरात बादलीत तरंगतंय. चार दिवस झाले, बादली हलवू देत नाहीये. आंघोळ मगाने तपेल्यातून चालू आहे.

निवटी

अगदी बरोबर. बादलीत मीठ टाकून बघायला सांगा त्याला, लिटरला ३५ ग्रॅम, समुद्राएवढं. हाड किती वर येतं ते पेन्सिलीने खूण करून मोजा आणि आकडा इथे टाका.